विषय: उत्सवात मेंदीचा स्टॉल, पहिल्यांदाच

नमस्कार मंडळी,

येत्या उन्हाळी उत्सवात मेंदीचा स्टॉल लावायचं फार मनात आहे. मैत्रिणींच्या हातांवर कितीतरी वर्षं काढते आहे, पण अनोळखी माणसांना, पैसे घेऊन, कधी काढलेली नाही. तयार कोन आणले तर चालतील का? नक्षी कोणत्या ठेवाव्यात? काळी मेंदी मागणारेही येतात म्हणे. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

आपली,
एक नवी सभासद

*

उत्तर: उत्सवात मेंदीचा स्टॉल, पहिल्यांदाच

ताई,

तुमची मेल वाचली आणि लगेच लिहायला बसले. सहा उन्हाळे मी स्टॉल लावते आहे.

आधी कोनाबद्दल, कारण बाकी सगळं त्याच्या मागून येतं. तयार कोन नेऊ नका. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य, लॉसोन, पूड भिजवल्यावर काही तासांत सुटतं आणि बाहेर ठेवलं तर दोन-चार दिवसांत त्याचा जोर ओसरतो. मग सहा-सहा महिने कपाटात पडून राहिलेला कोन कशाच्या जोरावर रंगतो? त्यात दुसरं काहीतरी घातलेलं असणार, आणि ते काय हे पाकिटावर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. समोर बसलेल्या माणसाने ‘यात काय आहे?’ विचारलं तर तुम्हाला एकेक जिन्नस सांगता आला पाहिजे. नक्षी साधी असली तर लोक समजून घेतात, कोनाच्या बाबतीत तशी सूट मागायची नसते.

घरी भिजवणं अवघड नाही. अंगावर काढण्यासाठी म्हणून मिळणारी, ताजी, वस्त्रगाळ पूड घ्या. केसांची पूड जाडसर असते, कोनाचं तोंड सारखं अडतं. १०० ग्रॅम पुडीला ३० ग्रॅम साखर, ३० मिलिलिटर लव्हेंडरचं शुद्ध इसेन्शियल ऑइल आणि लिंबाचा रस किंवा पाणी, सगळं मिळून २५० ते ३०० मिलिलिटर. रस एकदम ओतू नका. आधी घट्टच मळा, वर प्लॅस्टिक चिकटवून झाका आणि उबदार जागी ठेवा. ८ ते १२ तासांनी वरचा थर तपकिरी दिसतो आणि बोटाने बाजूला केला की आत हिरवं असतं. तसं दिसलं म्हणजे रंग सुटला. मग थोडा थोडा रस घालत सैल करा. चमच्यावरून पडताना मध्येच तुटायला नको, रेशमाच्या लडीसारखी घडीवर घडी पडत गेली पाहिजे. नव्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून कोन भरा आणि फ्रीजरमध्ये टाका, तिथे महिनोन्महिने टिकतात. प्रत्येक पूड वेगळी वागते, तेव्हा प्रत्येक घाणा आधी स्वतःच्या हातावर काढून बघा.

उत्सवाच्या दिवशी सगळे कोन बर्फाच्या डब्यात ठेवा आणि हाताशी एकच घ्या. पहिल्या वर्षी मी सगळे टेबलावर उन्हात मांडले होते. दुपारी त्यातून तेल सुटायला लागलं, लेप पातळ झाला, तरी मी काढतच राहिले. पुढच्या आठवड्यात एक आजी भेटल्या. बोलल्या काहीच नाहीत, नुसता हात पुढे केला. मनगटावरची कोयरी फिकट नारिंगी, कडेने फुटलेली. मी त्यांचे पैसे परत केले आणि घरी बोलावून पुन्हा काढून दिली. तो हात अजून डोळ्यांसमोर आहे.

नक्षीचा तक्ता एका पानाचा करा, दहा-बाराच नक्षी. प्रत्येक नक्षी घड्याळ लावून काढा आणि जिला पाच मिनिटांच्या वर लागतात ती तक्त्यातून काढून टाका. घरच्या मेंदीत आणि उत्सवातल्या मेंदीत हाच मोठा फरक आहे: इथे माणूस उठून लगेच गर्दीत जाणार, खाणार, मुलाला उचलून घेणार. तळहाताची कातडी जाड असल्यामुळे रंग तिथेच सगळ्यात गडद चढतो, पण तळहातावरची मेंदी दहा मिनिटांत पुसली जाते. म्हणून हाताची मागची बाजू किंवा मनगटाच्या वरचा भाग सुचवा; रंग थोडा फिका येईल, हेही आधीच सांगा. बारीक जाळीपेक्षा ठसठशीत रेघ बरी, लेप जाड बसतो आणि लवकर सुकून पडत नाही.

सरावासाठी तक्त्यावर काच ठेवून वरून गिरवत जा. कोनाचं टोक काचेला न टेकवता किंचित वर धरायचं आणि रेघ खाली पडू द्यायची. पुसा, पुन्हा काढा.

प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या: लेप ४ ते ६ तास राहू द्या, धुऊ नका, खरवडून काढा, दिवसभर तिथे पाणी लागू देऊ नका, आधी नारिंगी दिसेल, ४८ तासांत गडद होईल. हे सांगितलं नाही तर संध्याकाळी नारिंगी रंग पाहून माणूस नाराज होतो.

*

उत्तर: उत्सवात मेंदीचा स्टॉल, पहिल्यांदाच

नमस्कार,

मी त्वचारोग विभागात परिचारिका आहे, म्हणून फक्त काळ्या मेंदीबद्दल लिहिते. मेंदी काळी नसते. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या लेपात बहुधा पीपीडी असतं, म्हणजे पॅराफेनिलिनडायमिन, जे केसांच्या कलपात वापरतात. ते कातडीवर बसलं की काही दिवसांनी खाज सुटू शकते आणि नक्षीच्याच आकाराचे फोड येऊ शकतात. मी एका मुलीच्या दंडावर पूर्ण वेल अशी फोडांनी उठलेली पाहिली आहे; पानं मोजता येत होती. डाग राहू शकतो, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे आयुष्यभर कलप लावणं धोक्याचं होतं. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा.

नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेत एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची, परवानगी मेंदीला केस रंगवण्यापुरतीच आहे. युरोपीय संघात पीपीडी केसांच्या रंगात ठरावीक मर्यादेपर्यंत चालतं, कातडीवर नाही. तेव्हा आयोजकांना परवाना आणि विमा या दोन्हींबद्दल लेखी विचारून ठेवा.

आणखी एक. जी-६-पीडी या शरीरातल्या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असेल तर शुद्ध मेंदीनेही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. तान्ह्या बाळाला तर काढूच नका, आईने हौसेने पुढे केलं तरी.

*

उत्तर: उत्सवात मेंदीचा स्टॉल, पहिल्यांदाच

दोघींचे मनापासून आभार. तयार कोनांची ऑर्डर रद्द केली. आता फक्त मुलांचं सांगा, उत्सवात तीच जास्त असतात. आणि गरोदर बायका आल्या तर?

*

उत्तर: उत्सवात मेंदीचा स्टॉल, पहिल्यांदाच

ताई, सहा वर्षांच्या आतल्या मुलांना मी काढत नाही. त्यावरच्यांना आई किंवा वडील शेजारी उभे असले तरच, आणि त्यांची सही घेऊन. ॲलर्जी आहे का, जी-६-पीडीचा त्रास आहे का, हे त्याच कागदावर विचारते. मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी वेगळा घाणा ठेवा: पूड, साखर, पाणी, तेल अजिबात नाही. रंग थोडा उतरतो, पण मुलांना त्याचं काही नसतं. मनगटावर एक फूल, दोन पानं, एका मिनिटात मोकळं करा. त्याहून जास्त वेळ हात स्थिर राहत नाही. त्या कोनांना वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा, घाईत अदलाबदल होते.

पहिला घाणा एकटीने करू नका. या शनिवारी सकाळी माझ्याकडे या, आपण मिळून भिजवू. रात्री रंग सुटला की कोन भरू. मोजे आणि पूड माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त तुमचा नक्षीचा तक्ता घेऊन या.