नॅट विमानाचा रंग काढायला सँडब्लास्टिंग चालेल का?

रावपुरा_बडोदे: मंडळी, बडोद्यातल्या एका संस्थेच्या आवारात वर्षानुवर्षं उघड्यावर उभं असलेलं नॅट, म्हणजे हवाईदलाचं जुनं छोटं लढाऊ जेट, आता दालनात घ्यायचंय. रंगाचे पोपडे निघालेत, पंखाखाली रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) मधला पत्रा फुगलाय, चाकांवर पांढरी भुकटी आहे. ठेकेदार सँडब्लास्टिंग करून दोन दिवसांत साफ करतो म्हणतोय. करू द्यावं?

मकरपुरा_फिटर: अजिबात नको. वाळूच्या माऱ्याने पातळ पत्र्यावर लाटा पडतात, कण सांध्यांत शिरून ओल धरतात. खालचा पिवळट-हिरवा प्रायमर बहुधा झिंक क्रोमेट, म्हणजे कॅन्सरकारक. त्याची धूळ उडवायचीच नाही. जेल पेंट रिमूव्हर आणि प्लास्टिकचं पातं वापरा.

त्याआधी रंग वाचा. रुपयाएवढ्या जागेत 400 नंबरचा वॉटरपेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा. प्रत्येक थराची वेगळी कडी दिसते. मोजपट्टी ठेवून फोटो काढा. जुने क्रमांक, सूचना बटरपेपरवर उतरवून घ्या. हे एकदा खरवडलं की परत मिळत नाही.

फुगलेल्या जागी पुट्टी भरू नका. ॲल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पत्रा उचलला जातो. सांधा उघडावाच लागेल. रिव्हेटच्या फक्त डोक्याच्या जाडीइतकं खोल ड्रिल करा, डोकं उडवा, मागून आधार देऊन दांडा पंचने ठोका; घाई केली की भोक लांबट होतं. नव्या रिव्हेटची लांबी पत्र्यांची जाडी अधिक व्यासाच्या दीडपट: 1 मि.मी.चे दोन पत्रे, 3.2 मि.मी. व्यासाचं रिव्हेट, तर 6.8 मि.मी. पॉलिसल्फाइड सीलंट (सांध्यात ओल शिरू न देणारा रबरासारखा लेप) ओलं असतानाच रिव्हेट मारा. स्टीलवूल नको, लोखंडाचे कण रुतून नवा गंज धरतो.

दांडियाबझार: त्याहीआधी सीट. इजेक्शन सीट (वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) आणि कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) यांची स्फोटक काडतुसं काढल्याचा लेखी दाखला हवाईदलाकडून मिळेपर्यंत कॉकपिटमध्ये कुणी चढायचं नाही.

चाकं दोन भागांची असतील तर व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय बोल्टला पाना लावू नका, रिम उडते. पांढरी भुकटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असू शकते. तिथे ग्राइंडर नको. कीस पेटला तर पाणी टाकल्यावर आणखी भडकतो. कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवा.

रावपुरा_बडोदे: ठेकेदाराला थांबवतो. डायल अंधारात चमकत नाहीत, म्हणजे रेडियम संपलं ना?

दांडियाबझार: नाही. थकतं ते झिंक सल्फाइड, म्हणजे रेडियमच्या किरणांनी चमकणारा रंगातला पदार्थ. रेडियम-226 चं अर्धायुष्य 1600 वर्षं. गायगर काउंटरने (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या, काच उघडू नका. तडकलेला डायल हातमोजे घालून जाड पिशवीत बंद करा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारल्याशिवाय हलवू नका.