पोरीला हॅरी पॉटर इंग्रजीतनं ऐकवायचंय, कुठला आवाज घेऊ?

शिरोलीकर_बाबा:
नमस्कार मंडळी. पोरगी पाचवीत, सेमी इंग्लिशला. पुण्याच्या मावसभावाकडनं हॅरी पॉटरची गोष्ट अर्धीमुर्धी ऐकून आली आणि आता पुढं काय झालं म्हणून माझ्या मागं लागलीय. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. दुसऱ्या पाळीला असलो की घरी पोचेस्तोवर ती झोपलेली असते, वाचून दाखवणं होत नाही. म्हणून ऑडिओबुक घ्यायचं ठरवलंय. मराठीत काही सापडलं नाही. इंग्रजीत स्टीफन फ्राय आणि जिम डेल असे दोन आवाज दिसतात. तिला इंग्रजी वाचता येतं, पण कुणी भरभर बोललं की गडबडते आणि मग 'मला येत नाही' म्हणून सोडून देते. कुठला घेऊ? आणि एकटीनं ऐकताना भ्यायची तर नाही ना?

मंगळवार_पेठेतल्या_बाई:
हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. गल्लीतली पोरं संध्याकाळी माझ्याकडं हेच ऐकायला बसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

स्टीफन फ्राय घ्या. तो ब्रिटिश आवृत्ती वाचतो, डेल अमेरिकन. डेलसुद्धा मूळचा इंग्लंडचाच, आणि पात्रागणिक आवाज बदलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण आवाज सारखा पालटला की नवख्या कानातनं शब्द निसटतात. फ्राय निवांत सांगतो, शेजारी बसून सांगितल्यासारखं.

त्याआधी गोष्ट मराठीतनं कळू दे. मंजुल प्रकाशनानं काढलेलं 'हॅरी पॉटर आणि परीस', म्हणजे पहिल्या पुस्तकाचं मराठी, मिळवा. करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा, १८५० सालापासूनचं वाचनालय आहे आपलं, पोरीला घेऊनच जा. पुस्तकात १७ प्रकरणं आहेत. एक प्रकरण तिनं मराठीत वाचायचं, दुसऱ्या दिवशी तेच इंग्रजीत ऐकायचं. पुढं काय होणार हे ठाऊक असलं की कान भाषेकडं लागतो. मध्येच थांबवून 'याचा अर्थ सांग बघू' असं मात्र अजिबात विचारू नका. हे मी कळवळून सांगते. परीक्षा सुरू झाली की पोरं ऐकायचं सोडतात.

पहिलं प्रकरण पोरांना जड जातं. हॅरी तान्हा असतो, बोलतात ती सगळी मोठी माणसं, त्यात काकाची ड्रिल मशीनची कंपनी. माझ्याकडची पोरं तिथं चुळबुळ करतात. जिन्याखालच्या कपाटात झोपणारा पोरगा आला की गप्प होतात, आणि पत्रांचा पाऊस पडतो तिथं तर उठून उभी राहतात. तेवढा धीर धरायला सांगा.

आणि हॅग्रिड, गोष्टीतला तो धिप्पाड माणूस. तो इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडची गावाकडची बोली बोलतो, शब्द तोडून, अक्षरं गिळून. चंदगडकडचा माणूस आपण पहिल्यांदा ऐकतो तेव्हा होतं, तसंच होणार तिचं. हे तिला आधीच सांगून ठेवा: तो बोलतोच तसा, तुझं इंग्रजी कच्चं नाही. 'मला येत नाही' म्हणणाऱ्या पोरीला हे एवढं वाक्य फार लागतं.

राजारामपुरी_९वी_गल्ली:
बाई, माझं मत थोडं वेगळं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरपासून बऱ्याच कलाकारांची नवी आवृत्ती यायला लागलीय. शाळेचे हेडमास्तर डंबलडोर, त्यांना ह्यू लॉरीचा आवाज, स्नेप मास्तरांना रिझ अहमदचा. माझा आठवीतला भाऊ एकट्या माणसाचं वाचन दहा मिनिटं ऐकायचा नाही, तो ह्याला चिकटला. नाटकासारखं वाटतं, कोण बोलतंय ते लगेच कळतं.

मंगळवार_पेठेतल्या_बाई:
बाळा, तुझ्या भावाला लागली हे चांगलंच झालं. मीही ऐकलीय, काम सुंदर आहे. पण संगीत आणि आवाजांच्या गर्दीत पाचवीतल्या पोरीला शब्द वेचणं कठीण. तिला दुसऱ्या फेरीला द्यावी.

कळंब्याची_ताई:
दादा, भीतीचं सांगते, माझी दोन्ही पोरं ऐकून झालीत. पहिल्या पुस्तकात १५ वं प्रकरण, रात्रीच्या जंगलातलं, तेवढं एकटीनं ऐकू देऊ नका. डोक्यावरनं टोपडं ओढलेलं कुणीतरी युनिकॉर्नचं, म्हणजे एकशिंगी घोड्याचं, रक्त पीत असतं. पडद्यावर चित्र ठरलेलं असतं, ऐकताना पोरं आपापलं रचतात आणि ते जास्त भयंकर निघतं. आमचा धाकटा त्या रात्री माझ्या कुशीत झोपला. चौथ्याच्या शेवटी शाळेतला एक पोरगा मरतो, तिथनं पुढं गोष्ट मोठ्यांची होत जाते. तिला दोनेक वर्षं थांबवा, ती रागावली तरी.

पहिलं साडेआठ तासांच्या आसपास आहे, पाचवं तीसच्या घरात. झोपताना लावलंत तर स्लीप टाइमर लावा, नाहीतर ती झोपते, गोष्ट पुढं जाते आणि सकाळी रडारड.

अजून एक. तुम्ही कंपनीच्या बसनं जात असाल तर तेच प्रकरण तुम्हीही ऐका. माझे मिस्टर करायचे. मग सुट्टीदिवशी जेवताना दोघांना बोलायला तेच.

शिरोलीकर_बाबा:
बाई, ताई, भावा, लई उपकार. बसमध्ये मी नक्की ऐकणार, माझंही इंग्रजी त्या निमित्तानं सुधारेल. हॅग्रिडचं आज रात्रीच सांगतो, जागी असली तर. वेग कमी करून लावला तर चालेल का?

मंगळवार_पेठेतल्या_बाई:
चालेल. पण ०.८ च्या खाली नको, आवाज ओढल्यासारखा येतो. दोन-तीन प्रकरणं झाली की तीच म्हणेल, बाबा, पहिल्यासारखं लाव.