मोठं काहीच झालेलं नाही, तरी रोजच्याच गोष्टी झेपेनाशा झाल्यात

अधांतरी:
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते. माझ्या आयुष्यात तक्रार करण्यासारखं मोठं काही नाहीये. नोकरी आहे, घरात सगळे धडधाकट आहेत, कर्ज आहे पण हप्ते वेळेवर जातात. तरी गेले काही महिने साध्या साध्या गोष्टींनी जीव मेटाकुटीला येतो. म्हणजे कसं ते सांगते. परवा ऑफिसातून आले तर मशीनमध्ये सकाळचे धुतलेले कपडे तसेच ओले पडलेले, कुबट वास यायला लागलेला, ते परत धुवायचे की तसेच वाळत घालायचे एवढंच ठरवायचं होतं आणि मला ते ठरवताच येईना. झाकण हातात धरून उभी. तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर मेसेज की उद्या प्रोजेक्टसाठी जुनी मासिकं पाठवा, मग आईचा फोन की बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, आणि आतून नवऱ्याने विचारलं 'अगं लाइटबिल भरलंस का?' बस्स, रडूच फुटलं. तो बिचारा घाबरला, काय झालं काय झालं विचारायला लागला आणि मला सांगताच येईना, सांगणार काय, कपड्यांना वास येतोय म्हणून रडतेय?

रात्री झोप लागते पण तीनला डोळे उघडतात आणि डोक्यात यादी सुरू. सुट्टीच्या दिवशी तर जास्तच. असं का होतं आणि यावर करायचं काय? मेडिटेशन कर, पॉझिटिव्ह राहा, पहाटे पाचला उठ हे प्लीज सांगू नका, पाचला उठायची ताकद असती तर हा धागा काढलाच नसता.

खडूफळा:
'तक्रार करण्यासारखं मोठं काही नाही' हे आधी बाजूला ठेवा, अर्धा त्रास त्यानेच वाढतोय असं मला वाटतं. मी मानसशास्त्र शिकवतो त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

१९६७ मध्ये होम्स आणि राही या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ४३ घटनांची यादी केली होती आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५० (हो, लग्नालाही आहेत, वर्गात इथे दरवर्षी हशा पिकतो). तेव्हाची समजूत अशी की माणूस ताणाने आजारी पडतो तो असल्या उलथापालथीने. मग १९८१ मध्ये कॅनर, लाझारस वगैरे मंडळींनी मध्यमवयीन लोकांना काही महिने दर महिन्याला भलतंच विचारलं. वस्तू हरवणं, वजनाची काळजी, घरातली दुरुस्ती, फार कामं असणं, अशा किरकोळ कटकटी. आणि निघालं काय, तर मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून जास्त चांगला बांधता येत होता. नळ नुसता ठिबकत राहिला तरी रात्रीत बादली भरते, तसलाच प्रकार. त्यामुळे तुमच्याकडे 'कारण नाही' असं अजिबात नाही, कारणं भरपूर आहेत, फक्त एकेक सांगायला गेलं की क्षुल्लक वाटतात.

आता शरीराचं. ताण आला की मुख्यतः दोन हार्मोन कामाला लागतात. अ‍ॅड्रेनलिन काही सेकंदांत सुटतं, धडधड, घाम, सगळं त्याचं. कॉर्टिसॉल मागून येतं, चढायला पंधरा-वीस मिनिटं आणि उतरायला त्याहून बराच जास्त वेळ. मधे निवांत तासभर मिळाला तर सगळं जागेवर येतं. तुमच्या वर्णनात तो तास मला कुठेच दिसला नाही, एक संपेपर्यंत दुसरं हजर. ही सततची झीज कशी साठत जाते यावर ब्रूस मॅक्युएन या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९३ पासून बरंच काम केलं.

आणि कपड्यांचं का ठरवता येईना? आपण एका वेळी डोक्यात जेमतेम चारेक गोष्टी धरून ठेवू शकतो. त्यात ताण चढला की कपाळामागचा जो भाग ठरवाठरवी करतो तोच आधी ढिला पडतो. मासिकं, गोळ्या, बिल आणि ऑफिसमधून डोक्यात घेऊन आलेलं काहीतरी, झाले चार. पाचव्याला जागाच नव्हती. यात तुमच्या स्वभावाचा किंवा मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

सावकाश_जा:
वरचा प्रतिसाद मस्त. मी फक्त रात्री तीनच्या यादीबद्दल लिहिते, कारण ती यादी माझ्याही ओळखीची आहे.

अर्धवट राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं हे तर सगळ्यांना माहीत आहे, पण २०११ च्या एका अभ्यासात (मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर) असं दिसलं की टोचणी थांबायला काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही, ते कधी आणि कसं करणार हे पक्कं ठरलं तरी पुरतं. म्हणून नुसतं 'गोळ्या' असं लिहून उपयोग होत नाही. 'उद्या ऑफिसातून निघाल्यावर आधी मेडिकलमध्ये, प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये आहे' इतकं लिहिलं की मगच डोकं ते सोडतं. आणि २०१८ मध्ये मायकल स्कलिन यांच्या टीमने लोकांना झोपायच्या आधी पाच मिनिटं लिहायला लावलं, काहींना दिवसभरात काय केलं ते आणि काहींना पुढे काय करायचंय ते. पुढचं लिहिणारे सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोपले. नऊ मिनिटं म्हणजे फार नाही हे मान्य, पण फुकट आहे.

कागदावरच लिही, मोबाइलवर नको, मोबाइल उघडला की शाळेचा ग्रुप समोर येतो. आणि तीनला जाग आलीच तर घड्याळ बघायचं नाही. वीसेक मिनिटांत परत झोप लागत नाहीये असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचत बसायचं, डोळे जड झाले की परत. अंथरुणात पडून हिशोब करत राहिलं की अंथरूण म्हणजे हिशोबाची जागा अशी सवय लागते.

कडीकोयंडा:
सगळं ठीक आहे हो, अभ्यास, कागद, पेन. पण माझा मुद्दा वेगळा आहे आणि थोडा कडू आहे. यादी कितीही छान केली तरी ती सगळी एकटीच्याच नावावर असेल तर ती छान यादी घेऊनच रडशील ना? मूळ पोस्ट परत वाचा. मशीनमध्ये कपडे राहिले, कोणाला दिसले? हिलाच. ग्रुपवर कोण आहे? ही. बिल भरलंस का हे विचारणारा स्वतः का भरत नाही? नवरा चांगलाच असणार, त्याबद्दल काही म्हणत नाही, पण 'तू सांग, मी करतो' म्हणणाऱ्या माणसाने लक्षात ठेवायचं काम दुसऱ्यावरच ठेवलेलं असतं.

अ‍ॅलिसन डेमिंजर म्हणून समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून हे फार नेमकं मांडलंय. घरच्या डोक्याच्या कामाचे चार तुकडे: पुढे काय लागणार ते आधीच हेरणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. ठरवताना दोघं बऱ्यापैकी बरोबर असतात, हेरणं आणि नजर ठेवणं मात्र जास्त करून बायकांकडे. आणि हे दोन्ही असे आहेत की करताना दिसत नाहीत, 'काय केलंस आज' विचारलं तर सांगताही येत नाहीत.

म्हणून 'मदत कर' म्हणू नकोस, अख्खं खातं देऊन टाक. सगळी बिलं त्याची, म्हणजे तारीख लक्षात ठेवणंसुद्धा त्याचं. मग एखादं चुकेल, दंड बसेल, बसू दे. मधे पडून आठवण केलीस की खातं परत तुझ्याकडे आलं म्हणून समज.

टाकणंटाचणं:
कडीकोयंडा यांना शंभर मोदक, माफ करा, शंभर प्लस वन 😄 अगं मी एवढंच केलं, सगळ्या ग्रुपच्या नोटिफिकेशन बंद आणि दिवसातून ठरवून दोनदाच बघायचे. पहिले काही दिवस हात आपोआप मोबाइलकडे जायचा. आजवर काही बुडालं नाही, खरंच तातडीचं असेल तर लोक फोन करतात.

अधांतरी:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. खडूफळा, तुमचा तो 'निवांत तास' वाचून जरा वेळ गप्पच बसले. काल रात्री यादी लिहिली, पानभर झाली, आणि बघते तर त्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा की कधीच झाल्या नाहीत तरी कोणाचं काही अडणार नाही, जुने फोटो लावणं वगैरे, त्या सरळ खोडल्या. खातं द्यायचं बोलणं अजून व्हायचंय, त्याला आरोप वाटू नये अशा वेळी बोलायचंय.

पण एक राहिलं. ऐन त्या क्षणी काय करायचं? छातीत धडधड, हातपाय गळाल्यासारखे, श्वास पुरत नाही असं वाटतं, तेव्हा यादी वगैरे काही सुचत नाही.

दवाखाना_बंद:
मी डॉक्टर आहे पण हा सल्ला नेटवरचाच आहे, तुम्हाला तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाचा.

त्या क्षणी सगळ्यात पटकन हातात येणारी गोष्ट म्हणजे श्वास सोडणं. घेण्यावर भर देऊ नका, 'खोल श्वास घ्या' ऐकून लोक भराभरा घेत सुटतात आणि मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. सोडताना लांबवायचा. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या नसेचा जोर वाढतो आणि हृदयाचा वेग थोडा उतरतो, हे कोणाच्याही शरीरात होतं, श्रद्धा असो नसो. एक पद्धत अशी: नाकाने श्वास, त्याच्यावरच अजून एक छोटासा, मग तोंडाने सावकाश सगळा सोडायचा. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात लोकांनी हे रोज पाच मिनिटं महिनाभर केलं आणि मूड सुधारण्यात ही पद्धत ध्यानापेक्षा थोडी सरस निघाली. मेडिटेशन नको म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतोय. सोबत काहीतरी मोठ्या स्नायूंचं करा, जिना चढून या, भराभर चालून या. शरीर पळायच्या तयारीत आलेलंच आहे, त्याला थोडं पळू द्या.

आणि एक तपासणी करून घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२. यातलं काही बिघडलेलं असलं तर थकवा, धडधड, चिडचिड असं अगदी ताणासारखंच दिसतं, आणि मग माणूस वर्षभर स्वतःच्या स्वभावाला नावं ठेवत बसतो. चाळिशीच्या आसपास असाल तर पाळी जायच्या आधीचे बदलही तीनला उठवतात, तेही डॉक्टरांना विचारा. छातीत दाब किंवा कळ येऊन ती हात-जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल तर 'ताणच असेल' म्हणत घरी बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

उदास वाटणं किंवा कशातच रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त, जवळपास रोज आणि दिवसभर असेल तर ते रोजच्या ताणापलीकडे गेलंय असं समजून समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगणंच नको असे विचार येत असतील तर मात्र दोन आठवडेसुद्धा थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरकडे जा.

टाकणंटाचणं:
अवांतर होतंय पण विचारतेच. समुपदेशकाकडे जाऊन नक्की बोलायचं काय? मी एकदा अपॉइंटमेंट घेऊन ऐन वेळी कॅन्सल केली होती, वाटलं समोर बसल्यावर काही सुचलंच नाही तर?

दवाखाना_बंद:
हे फार जणांना वाटतं. पहिल्या भेटीत बहुतेक प्रश्न तेच विचारतात: कधीपासून, झोप कशी, भूक कशी, घरात कोण, आधी असं झालं होतं का, कुठली औषधं चालू आहेत का. सुचणार नाही वाटत असेल तर चार ओळी लिहून न्या आणि सरळ वाचून दाखवा, 'मला बोलायला जमत नाही म्हणून लिहून आणलंय' म्हटलं तरी चालतं. हा वरचा धागासुद्धा दाखवू शकता. समुपदेशक औषधं देत नाहीत, ती लागली तर मानसोपचारतज्ज्ञ देतात, आणि प्रत्येकाला लागतातच असं नाही. विचार-वर्तन पद्धतीची थेरपी असेल तर साधारण सहा ते वीस भेटी लागतात, आयुष्यभर जावं लागेल ही भीती नको. आणि दोन-तीन भेटींनंतर सूर जुळत नाहीये वाटलं तर तसं सांगून दुसरीकडे जा, त्यांना त्याची सवय असते, बरेचदा तेच दुसरं नाव सुचवतात.