सईसाच्या पोराला अनुदान रोख द्यायचं की वसतिगृह?

रंकाळावेस: रेसच्या घोड्यांवर राबणारे सईस (घोड्याची देखभाल करणारे), रायडिंग बॉय (सरावात घोडा पळवणारे), नालबंद यांच्या मुलांसाठी शिक्षण अनुदान असावं, यावर वाद नाही. पण रोख नको, कोल्हापुरात वसतिगृहाची जागा द्या. पुण्याचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर, मग घोडे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला. घोड्यामागं सईस जातो आणि दिवाळीनंतर पोराची शाळा अर्ध्यातच बदलते. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नव्हती म्हणूनच शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं काढली. अडचण तीच आहे.

पंचगंगाकाठ: आठवीनंतर ठीक. पहिलीतलं लेकरू आईपासून तोडायचं काय? आणि आठवीपर्यंत जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, आरटीईचं (शिक्षण हक्क कायद्याचं) कलम ५ वाचा. अडतं ते गणवेश, वह्या, रिक्षाच्या पैशांवर. निम्मी रक्कम जूनमध्ये द्या, उरलेली दिवाळी सुट्टीनंतर नव्या शाळेच्या बोनाफाईडवर. मार्चमध्ये आलेलं अनुदान उसनवारी फेडण्यात जातं.

चावीवाला: एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती आहे की! आठवीला परीक्षा, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. वेगळी योजना कशाला?

पंचगंगाकाठ: ती गुणवत्तेवर मिळते. परीक्षेला बसायला लागणारे सातवीचे ५५ टक्के दोन शाळांत वर्ष घालवलेलं पोर आणणार कुठून? शिवाय शासनाच्या निवासी शाळेतल्या मुलांना ती लागू नाही. म्हणजे रंकाळावेस, जागा शासकीय निवासी शाळेत दिलीत तर ही शिष्यवृत्ती गेली.

रंकाळावेस: मग वसतिगृह वेगळं, शाळा अनुदानित. पण रोख पाठवणार कुणाच्या खात्यावर? पुण्यात एक, मुंबईत एक खातं निघतं आणि आधारवरचे पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात पडतात. ते बंद असेल तर परत. अर्जाआधी माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंग, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते, बघायला लावा.

नालठोक्या: तुम्ही दोघं खऱ्या गाठीला हातच लावत नाही. सईस पगारी असतो ट्रेनरचा, रेस क्लबचा नव्हे. ‘क्लबचे कामगार’ एवढंच लिहिलं की तोच बाहेर. ट्रेनरचं पत्र आणि तबेल्याचा पास, दोन्ही पुरावे धरा. घोड्याची लाथ बसून बाप घरी बसला तरी पोराचं अनुदान दहावीपर्यंत चालू राहील, हे नियमातच लिहा.

चावीवाला: पैसा कोण देणार? पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, क्लबांची ओरड सुरूच आहे.

नालठोक्या: बक्षिसाच्या रकमेतून कापा. घोडा जिंकला की मालक, ट्रेनर, जॉकी वाटा घेतातच ना.