आरोग्य सभेतली साक्ष दुसऱ्या दिवशी कोण तपासतं?

शरणपूरकर:
आमची मावशी नाशिकरोडला राहते. सतरा वर्षांपासून डायबेटीस. मागच्या महिन्यात शेजारणीबरोबर एका आरोग्य सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे होतात म्हणणाऱ्या ख्रिस्ती सभेला गेली. गेटवरच स्वयंसेवकांनी प्रार्थना-विनंतीचा कागद भरून घेतला: नाव, मोबाईल, आजार, किती वर्षं. तासाभराने प्रचारक व्यासपीठावरून म्हणाले, "सतरा वर्षं साखरेने बांधलेली एक बहीण इथे आहे." मावशी रडतच पुढे गेली. तिथल्या तिथे 'बरी झाले' अशी साक्ष, टाळ्या, तेलाची बाटली. घरी येऊन इन्सुलिन बंद, का तर आता टोचून घेणं म्हणजे अविश्वास. पाचव्या दिवशी साखर ४८०, मग तीन दिवस आयसीयू.

देव बरं करतो हे मी नाकारत नाही. आमच्या घरात रोज संध्याकाळी प्रार्थना होते. पण बायबलमधल्या लूकच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना काय सांगतो? जा, याजकांना दाखवा. त्या काळचं तपासणी खातंच ते. मग आज रिपोर्ट मागितला की आम्ही लगेच पुरावा मागणाऱ्या शिष्यासारखे 'संशयी थोमा' कसे?

देवळालीची_लेक:
दादा, मावशींचं वाईट झालं. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. माझ्या नवऱ्याची दारू अशाच सभेत सुटली, चार वर्षं झाली. तुमच्या जुन्या दगडी चर्चमध्ये आम्ही अकरा वर्षं जात होतो. दीड तासात उपासना आटोपली की जो तो गाडीला किक मारून घरी. माझ्या गालावरचा वळ कोणाला दिसला नाही. इथे पहिल्याच दिवशी एका बाईने हात धरला. आणि तेल लावून प्रार्थना करा, हे याकोबाच्या पत्रातच आहे ना?

शरणपूरकर:
आहे, पण याकोब म्हणतो मंडळीच्या वडिलांना बोलवा. म्हणजे घरी येणारी, ओळखीची माणसं, उद्याही भेटणारी. रात्रीच्या गाडीने पुढच्या गावाला जाणारी नव्हेत. आणि विश्वास कमी म्हणून आजार, हे तर मला पटतच नाही. प्रेषित पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, आजारी असतानाच मिलेतात मागे ठेवलं, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. (नाशिककरांनी याचा सोयीचा अर्थ काढू नये.)

गणिताचा_मास्तर:
मी नास्तिक, तरी बोलतो. त्या कागदावरून पीटर पॉपॉफ आठवला. अमेरिकेतला हा प्रचारक लोकांचे आजार, पत्ते 'देवाकडून' ऐकायचा. 1986 मध्ये जादूगार जेम्स रँडीने रेडिओ स्कॅनर लावून दाखवलं, की कानातल्या यंत्रात बायकोच लोकांनी भरून दिलेले कागद वाचून दाखवत होती. दुसरं म्हणजे, विल्यम नोलन नावाच्या सर्जनने कॅथरीन कुलमन या अमेरिकन प्रचारिकेच्या आरोग्य सभेत 'बऱ्या' झालेल्या 23 जणांचा नंतर माग काढला. एकही बरा झालेला सापडला नाही. मणक्याचा कॅन्सर असलेली एक बाई व्यासपीठावर पट्टा फेकून धावली होती. दुसऱ्याच दिवशी मणका खचला, चार महिन्यांत ती गेली.

नवसाची_मेणबत्ती:
आम्ही कॅथलिक. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसं नवस फेडायला येतात, ते तरी कोण तपासतं, हे कबूल. पण फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री बरं झाल्याचे दावे तपासायला 1883 पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. हजारो दाव्यांतून चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या आसपास. म्हणजे तपासायचं ठरवलं तर तपासता येतं.

ओटीपी_आला_नाही:
ख्रिश्चनांच्याच सभा खुपतात का? गंडेदोरेवाले दिसत नाहीत?

शरणपूरकर:
दिसतात की. पण मी आपल्या अंगणातला केर काढतोय, त्यांचा त्यांनी काढावा.

काळा_कोट:
कायद्याचं सांगतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराच्या नावाने फसवणं गुन्हा आहे. उपचारापासून रोखण्याचं कलम मात्र कुत्रा, साप, विंचू चावण्यापुरतंच. इन्सुलिन त्यात बसत नाही. सभेच्या पत्रकावर 'तेलाने मधुमेह जातो' असं छापलं असेल तर 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा बघा. मधुमेह त्या यादीत आहे. पत्रक जपून ठेवा. आणि मावशींना इन्सुलिन बंद कर असं प्रचारक स्वतः म्हणाले का? हे आधी विचारा.

शरणपूरकर:
तोंडाने नाही म्हणाले. "जुनं ओझं इथेच टाकून जा" एवढंच.

देवळालीची_लेक:
कागदाचं वाचून रात्री झोप लागली नाही. तीनदा मी स्वतः गेटवर ते भरून घ्यायला बसले आहे. गठ्ठा व्यासपीठामागे जातो, पुढचं कधी विचारलं नाही. शुक्रवारी विचारणार. पण दादा, राग नका मानू. मावशींच्या सतरा वर्षांत तुम्ही किती वेळा त्यांच्याजवळ जाऊन बसलात?

शरणपूरकर:
फारसा नाही. नाताळला फराळाचा डबा द्यायला जायचो तेवढाच. आयसीयूबाहेर तिन्ही रात्री ती शेजारीणच बसली होती, सभेला घेऊन गेलेली. मावशी आता इन्सुलिन घेते. पुढच्या सभेलाही जाणार म्हणते. मी नको म्हटल्यापासून माझा फोन उचलत नाही.