जपानी सुरीच्या धारेला दोन महिन्यांत टवके, माल हलका आहे का?

हौशी_बल्लव: मंडळी, हौसेने जपानी सांतोकू (रोजच्या सगळ्या कापाकापीची सुरी) घेतली, व्हीजी-१० नावाचं कडक स्टेनलेस स्टील, पात्यावर त्या लाटा-लाटांचं दमास्कस डिझाईन वगैरे. सुरुवातीला टोमॅटोवर नुसती टेकवली तरी आत जायची. काल उजेडात धरली तर धारेला तीन बारीक टवके! घरातल्या जुन्या सुरीला इतक्या वर्षांत असं झालं नाही. मला गंडवलं की जपानी कारागिरीचा नुसताच गवगवा आहे?

निसणावाला: आधी खरं सांग, काय कापलंस? साध्या सुरीचं स्टील रॉकवेलवर (कडकपणा मोजायची पट्टी) ५४ ते ५८ च्या आसपास असतं, तुझं ६० च्या आसपास. मऊ स्टीलवर जोर पडला की धार दुमडते, कडक स्टीलची दुमडत नाही, सरळ उडते. पण कडक आहे म्हणूनच प्रत्येक बाजूने १५ अंशांची पातळ धार तिच्यावर टिकते, मऊ स्टीलवर एवढी पातळ लावलीस तर चार दिवसांत बसेल.

हौशी_बल्लव: अर्धवट वितळलेलं चिकन 🙈 आणि सुरी अडकली तेव्हा जरा पिळली पण होती

निसणावाला: झालं मग. ही सुरी सरळ खाली आणि पुढे-मागे चालवायची, पिळायची नाही. हाडं, फ्रोजन, काचेचा बोर्ड, डिशवॉशर, चारही बंद.

तिखट_मत: माझं जरा वेगळं. त्या लाटा बघून घेतली असशील तर चूक तिथेच झाली. ती नक्षी बाहेरच्या मऊ थरांची, कापतो तो मधला कडक थर, नक्षीने धार तसूभरही वाढत नाही. कारागिरी बघायची तर धारेच्या लगेच मागे पातं किती पातळ उतरवलंय बघ, पाठीच्या कडा बोटाला टोचतात का, मुठीच्या जोडात फट आहे का. साकाई या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध जपानी शहरात पातं घडवणारा लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, एकेकाचं आयुष्य त्या एकाच कामात जातं. तिथल्या एकाच बाजूने धार असलेल्या यानागिबाची (कच्च्या माशाचे काप करायची लांब सुरी) मागची बाजू किंचित खोलगट असते, ती हाताने नीट उतरवणं म्हणजे खायचं काम नाही. आणि होन्याकी प्रकारच्या सुरीत तर अख्खं पातं एकाच पोलादाचं, वर माती लावून पाणी देतात, त्यात कितीतरी पाती तडकून वाया जातात, महाग का ते कळलं ना.

हौशी_बल्लव: म्हणजे पुढची कार्बन स्टीलची घेऊ?

तिखट_मत: शिरोगामी, म्हणजे ते जपानी कार्बन स्टील? ओली ठेवलीस की तासाभरात गंजाचे डाग. (नाव मस्त आहे, पांढरा कागद, स्टीलवर गुंडाळायच्या कागदाच्या रंगावरून पडलंय.) तुझी सवय बघता नको 😄

निसणावाला: टवके बारीक असतील तर १००० ग्रिटच्या दगडावर निघतील, मोठे असतील तर आधी ४०० च्या जास्त खरखरीत दगडावर घास. ओढून धार लावायचं ते खाचेचं यंत्र मात्र वापरू नकोस, आणखी टवके पाडेल.

हौशी_बल्लव: दगड मागवला. चिकनला परत जुनी सुरी.