ग्रामसभेच्या पेटीतले वनहक्काचे कागद: जपायचे कसे, लावायचे कसे?

कठाणीकाठ (प्रश्न)
धानोरा तालुक्यातल्या आमच्या ग्रामसभेकडे लोखंडी पेटी आहे. आत सामूहिक वनहक्काचे दावे, ठरावबुकं, बांबू-तेंदूचे वाहतूक पास, मोर्च्यांची पत्रकं, दारूबंदीचे अर्ज, फोटो. तळाला उधई (वाळवी) लागली आहे, काही कागद एकमेकांना चिकटलेत. सगळं लॅमिनेट करा, असं काहीजण म्हणतात. आणि निस्तारपत्रक (गावाच्या जंगल-जमीन वापराच्या हक्कांची महसुली नोंद) पेटीत नाहीच, ते कुठं मिळेल?

दप्तरी
लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेनं प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, पिवळी पडून शाई ओढते.

उधई मातीतून येते, म्हणून कागदावर औषध मारून काही होत नाही. पेटीमागे भिंतीवर मातीची नळी दिसेल, ती मोडा. पेटी विटांवर सहा इंच उचला, भिंतीपासूनही तेवढीच दूर ठेवा. चिकटलेले कागद ओढू नका आणि उन्हात टाकू नका. शिक्क्याची शाई उडते. मध्ये साधे कोरे कागद घालून सावलीत, पंख्याखाली वाळवा, कोरे कागद ओले झाले की बदला. गंजलेल्या टाचण्या, स्टेपल हळूच काढा. मग धुतलेल्या मांजरपाटात (जाड सुती कापडात) बस्ते, म्हणजे कागदांचे गठ्ठे, बांधा. लाल खारवा (दप्तर बांधायचं जाड कापड) ओला झाला की रंग सोडतो, बांधायचाच तर आधी धुऊन घ्या.

फॅक्सचे किंवा चकचकीत थर्मल कागदाचे पास असतील तर आजच झेरॉक्स काढा, ते आपोआप पुसट होतात.

मौजा_वाचक
दप्तरीभाऊंच्या म्हणण्यात एक भर. विषयवार वाटणी करू नका! जो गठ्ठा जसा सापडला तसा राहू द्या, फक्त यादी करा: बस्ता क्रमांक, कागद क्रमांक, तारीख, कोणी कोणाला लिहिलं, पानं किती. दाव्याची पोच, हरकती आणि उपविभागीय समितीचं पत्र एकाच गठ्ठ्यात राहिलं, तर कोणत्या अर्जावर कोणतं उत्तर आलं ते कळतं.

कायद्याचंही बघा. तीस वर्षांपेक्षा जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर सही-अक्षर खरं मानून न्यायालय पुढं जाऊ शकतं (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ९२, जुन्या पुरावा कायद्यात ९० होतं). म्हणून मूळ प्रत कुणालाच पोच न घेता देऊ नका, अगदी ओळखीच्या संस्थेलाही नाही. स्कॅन ३०० डीपीआय, दोन ठिकाणी. स्कॅनची प्रत न्यायालयात लावायची तर कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

जुनामौजा
निस्तारपत्रकासाठी गडचिरोलीतच बसू नका. जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला, म्हणून त्याआधीचा महसुली अभिलेख चंद्रपूरच्या रेकॉर्डरूममध्येही शोधावा लागतो. जुन्या बस्त्यांवर 'चांदा' लिहिलेलं असतं. मालगुजारी, जमीनदारी (सारा वसूल करणाऱ्यांची गावावरची मालकी) १९५१ ला संपली, त्यानंतरच्या नोंदीत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद) बघा. अर्जात मौजा (महसुली गाव), जुना तालुका आणि पटवारी हलका (तलाठ्याच्या हद्दीतला गावांचा गट) लिहा; नुसतं गावाचं नाव टाकलं की 'आढळ होत नाही' असं उत्तर येतं. तसं आलं तर माहिती अधिकारात अभिलेखाची पाहणी मागा, कपाट उघडून दाखवावं लागतं. नकार मिळाला किंवा ३० दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

तोवर दावा थांबवू नका. वनहक्क नियम १३ मध्ये वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही पुरावा आहे, फक्त एकाहून जास्त पुरावे लावा.

कठाणीकाठ
पोचबुक आजच सुरू करतो. बस्ते सुकले की यादीचा नमुना इथं टाकतो, चुका सांगा.